फुटेजच्या या चुका टाळा (आमचा अंतरपाट असाच गेला)

लग्नसराई सुरू झाली की एडिटला हार्ड डिस्क यायला लागतात आणि उघडलं की तेच ते, 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'दादा लग्न फायनल'. अजून एक कट मारला नाही आणि फायनल कसलं रे?

सगळ्यात महागाची चूक म्हणजे दोन मेमरी कार्डं एकाच फोल्डरात ओतणं. सोनी कॅमेऱ्यावर क्लिपांची नावं सी०००१, सी०००२ अशी पडतात, त्यामुळे दोन कॅमेरे असले की दोघांकडे सी००१४ असतेच. आमच्याकडे एक नवीन पोरगा होता, हुशार पण कायम घाईत. ए कॅमेरा समोरून वाइड, बी वर पाहुणे नि पंगत. जेवणाच्या गडबडीत त्याने ए कॉपी केलं, त्यावरच बी टाकलं, विंडोजने विचारलं रिप्लेस करू का, साहेबांनी हो म्हटलं. संध्याकाळी रिसेप्शनला तीच कार्डं फॉरमॅट करून परत वापरली. रात्री सी००१४ उघडली तर अंतरपाटाच्या जागी जिलेबीचं ताट! रिकव्हरी सॉफ्टवेअरने अर्ध्यामुर्ध्या क्लिपा दिल्या त्या चालेनात, शेवटी नवरीच्या मामांनी मोबाईलवर उभं शूट केलेलं मागून आणलं आणि व्हिडिओत दोन्ही बाजूंना ब्लर लावून बसवलं. नवरीच्या आईने विचारलं, 'हे असं बारीक का दिसतंय?' काय सांगणार.

तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर, '२०२४-१२-०८_ए_कार्ड१' असा. वर्ष आधी, नाहीतर तारखा ओळीने लागत नाहीत. आतलं निवडत बसायचं नाही, कार्डावरच्या 'प्रायव्हेट' फोल्डरसकट अख्खं कार्ड उचलायचं. दोन डिस्कवर कॉपी झाली, साइज जुळली, चार क्लिपा चालवून बघितल्या की मगच फॉरमॅट, आणि तो मी करतो, पोरगा नाही. भरलेलं कार्ड पाऊचमध्ये उलटं ठेवायचं. कार्डावर सेलोटेप चिकटवू नका, स्लॉटमध्ये अडकते.

कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवत नाहीत ही दुसरी. एकात एएम-पीएम उलटं असेल तर टाइमने सॉर्ट केल्यावर सकाळची हळद रात्री दिसते. मी शूटच्या आधी एकाच मोबाईलचं घड्याळ दोन्ही कॅमेऱ्यांत पाच सेकंद शूट करतो, फरक किती ते कळतं.

गोप्रोवाल्यांनो, मोठी क्लिप तुकड्यात पडते, जीएक्स०१००४५ चा पुढचा भाग जीएक्स०२००४५, नावाने सॉर्ट केलं की मध्ये जीएक्स०१००४६ घुसते. शेवटचे चार आकडे बघा, ते सारखे असले की क्लिप एकच.

प्रीमिअरमध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) घेतल्यावर बाहेरून क्लिपांची नावं बदलू नका, 'मीडिया ऑफलाइन' येईल, म्हणजे त्याला फाइल सापडत नाही. मग मला फोन येतो.

आणि सगळ्याला 'विधी' असं लेबल लावणारे तर डोक्यात जातात. सीमांतपूजन, सप्तपदी, कानपिळी असं वेगळं लिहायला दहा मिनिटं लागतात. नवरीचा भाऊ फोन करून फक्त कानपिळीच मागतो, दरवेळी.