उलटा हिशोब: टेक कंपनीचा भाव तपासायचा कसा?

माझ्या कॉमर्सच्या क्लासमधली मुलं हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात: ‘मॅडम, कंपनी झपाट्यानं वाढतेय, मग दोनशेचा पी/ई चालेल ना?’ पी/ई म्हणजे कंपनीचा भाव तिच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे, तो आकडा. मी त्यांना वही काढायला सांगते आणि सिस्को या इंटरनेटची यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा हिशोब मांडायला लावते. 2000 साली मला तो कुणी शिकवला असता, तर वडिलांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे वाचले असते.

मार्च 2000. सिस्कोचं बाजारमूल्य साधारण 550 अब्ज डॉलर, त्या आर्थिक वर्षाचा नफा सुमारे 2.7 अब्ज.

आधी तुम्हाला किती परतावा हवा ते लिहा. मी 12 टक्के धरते. त्या दरानं दहा वर्षांत पैसे 3.1 पट होतात, म्हणजे 2010 मध्ये कंपनी 1,700 अब्जांची व्हायला हवी. तोवर ती पोक्त झालेली असणार, म्हणून पी/ई 25 धरा. भागाकार करा: 68 अब्ज नफा. 2000 च्या नफ्याच्या पंचवीसपट, म्हणजे दरसाल सरासरी 38 टक्के वाढ.

इथे थांबू नका, नफ्यावरून विक्रीवर या. शंभर डॉलरच्या विक्रीमागे तेव्हा 14 डॉलर सुटत होते. उदार होऊन 20 धरले, तरी विक्री 340 अब्ज लागते. 2000 ची विक्री होती 19 अब्ज. एवढे राउटर आणि स्विच घेणार कोण? गिऱ्हाइकांची नावं खरंच लिहून काढा, मुलं हीच पायरी गाळतात. सिस्कोची बरीच गिऱ्हाइकं म्हणजे कर्ज काढून माल उचलणाऱ्या नव्या टेलिकॉम कंपन्या. कर्ज आटलं, आणि 2001 मध्ये सिस्कोला पडून राहिलेल्या मालापोटी सुमारे 2.2 अब्ज डॉलर खर्ची टाकावे लागले.

कंपनी वाईट नव्हती, हे मी दर बॅचला ठासून सांगते. 2010 मध्ये विक्री 40 अब्ज झाली, नफा 7.8 अब्ज, जवळपास तिप्पट. तरी 80 डॉलरचा शेअर 2002 मध्ये 9 च्या खाली गेला आणि 2010 मध्येही तिशीच्या आतच होता. 

आता शेअरसंख्या. कर्मचाऱ्यांना इसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर मिळण्याचा हक्क, देऊन कंपनी दरवर्षी 2 टक्के नवे शेअर काढत असेल, तर दहा वर्षांत तुमचा वाटा सुमारे 18 टक्क्यांनी घटतो. तेवढाच परतावा मिळवायला नफा आणखी मोठा लागतो; मग वहीतले 68 अब्ज खोडा आणि 83 लिहा.