'माझी मुंबई' हा विषय देऊ नका: वस्तीतल्या कथालेखन कार्यशाळेत होणाऱ्या चुका

लालबाग-परळच्या बाजूला एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही काही जण दर रविवारी कथालेखनाची कार्यशाळा घेतो. पहिल्या रविवारी मी फळ्यावर झोकात विषय लिहिला, 'माझी मुंबई'. अठरा जण लिहायला बसले. निम्म्याहून जास्त कागदांवर समुद्र आला, उरलेल्यांवर लोकल, आणि 'हे शहर कधी झोपत नाही' हे तर चौघांनी लिहिलं. (त्यातले दोघे रात्री दहाला झोपतात, हे मला ठाऊक आहे.) चूक त्यांची नव्हती, माझी होती. अख्खं शहर हातात दिलं की माणूस कॅलेंडरवरचं शहर लिहितो.

तेव्हापासून विषय मापात देतो, आणि मापही खरंच मोजून. बीडीडी चाळीतली (ब्रिटिश काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळीतली) खोली १६० चौरस फुटांची. सतरंजी गुंडाळायची, खडूने १० बाय १६ फुटांचा चौकोन आखायचा आणि पाच-सहा जणांना आत बसवायचं. मग एकेक अडचण घालायची. रात्रपाळीहून आलेला काका झोपलाय. दहावीच्या मुलीचा उद्या पेपर आहे. गावाहून पाहुणे आलेत, आणि सुनेला साडी बदलायचीय. आता बाहेर गॅलरीत कोणी जायचं? 'तू जा' असं म्हणायचा हक्क या खोलीत कुणाला आहे? संडास सामायिक, म्हणजे सकाळच्या रांगेत काल भांडलेली शेजारीणही उभी असणार. एवढं झालं की कुणालाही 'वर्णन कसं करू?' हा प्रश्न पडत नाही. जागा कशी दिसते ते नंतर येतं. ती माणसाला काय करायला लावते आणि काय करू देत नाही, ते आधी हाती लागायला हवं.

दुसरी चूक गोड आहे, म्हणून जास्त घातक. गिरणीत काम केलेले आजोबा येतात, भोंग्याची आठवण निघते, मग खानावळी, मग गणेश गल्ली, आणि दोन तास कसे गेले कळत नाही. गप्पा रंगतात, कागद कोरेच राहतात. आता आमचा नियम असा: आधी वीस मिनिटं लिहायचं, मग तोंड उघडायचं. प्रश्नही बदलले. 'गिरणी संपाच्या आठवणी सांगा' म्हटलं की १८ जानेवारी १९८२ पासूनचं भाषणच सुरू होतं. 'संपात घरातली पहिली वस्तू कुठली विकलीत आणि ती विकू नका असं कोण म्हणालं?' असं विचारलं तर आजोबा गप्प होतात. आणि शेजारी बसलेल्या आजी लिहायला लागतात.

काळाच्या चुका मात्र वाचकाच्या लगेच डोळ्यांत खुपतात. संपाच्या गोष्टीतला कामगार 'प्रभादेवी' स्टेशनला उतरतो, पण ते २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. कुणी सत्तरच्या दशकातल्या नायकाला ट्राममध्ये बसवतं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ लाच धावली. लिहिण्याआधी गोष्टीचं साल कागदाच्या कोपऱ्यात लिहायला लावा. निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

परिसर पाहायला जायचं तर घोळक्याने जाऊ नका. आम्ही एकदा अठराच्या अठरा जण मोबाईल उंचावून एका चाळीच्या चौकात उभे राहिलो. वरून पहिला प्रश्न आला, "बिल्डरकडून आलात काय?" त्यानंतर आमच्याशी कोणी मोकळेपणाने बोलेना. दोघा-दोघांनी जा, फोन खिशात ठेवा आणि एकाच जागी सकाळी नळाच्या वेळी, मग पुन्हा दुपारी तीनला बसा.

खऱ्या शेजाऱ्यांवर लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही. 'तिसऱ्या माळ्यावरच्या लोणचंवाल्या काकू' म्हटलं की सगळ्या चाळीला कळतं. माळा, धंदा, मुलांची संख्या, सगळं हलवा. आमच्याकडे एका गोष्टीवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. ते गणपतीत पूर्ववत झालं, पण तोवर मला त्या जिन्याने जायची सोय नव्हती.

एकमेकांच्या गोष्टींवर बोलताना 'छान आहे' या शब्दांवर बंदी घाला. त्याऐवजी 'कुठे लक्ष उडालं?' विचारा.

शेवटची अडचण भाषेची. बोलताना फर्डे असणारे लोक लेखणी धरली की शाळेतल्या निबंधात शिरतात. 'आई, मी कार्यालयात निघालो आहे' असं लालबागमधला कोण म्हणतो? पण उलटंही होतं. घाटावरचा लेखक मालवणी आजीच्या तोंडी ऐकीव 'खंय चल्लंस?' घालतो आणि पुढच्याच वाक्यात आजी साताऱ्याची होते. म्हणून आम्ही संवाद लेखकाला वाचूच देत नाही. ती बोली घरात असलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतो. तो जिथे अडखळतो आणि आपोआप शब्द बदलून वाचतो, तिथे लेखकाने पेन्सिलीने खूण करायची.