ठाण्यात रोज चालवायला थार घेऊ की जिमनी?

महिंद्रा थार की मारुती जिमनी विचारणारे सगळे डोंगर, चिखल, ग्राउंड क्लिअरन्सवर बोलतात, पण तुमची गाडी वर्षभर जाणार कुठे तर कासारवडवली ते माजिवडा, मग ऑफिस आणि परत. येऊरला पण डांबरी रस्ता आहे हो. म्हणून आधी मेजर टेप घेऊन स्वतःच्या पार्किंगमध्ये जा.

लांबी दोघींची सेम, ३९८५ मिलीमीटर. रुंदी बघा, जिमनी १६४५ आणि थ्री डोअर थार १८२०, म्हणजे साडेसतरा सेंटीमीटरचा फरक, ब्रोशरमध्ये काहीच वाटत नाही पण दोन पिलरच्या मध्ये गाडी लावून अर्ध्या उघडलेल्या दारातून पोट आत घेऊन बाहेर पडावं लागतं तेव्हा बरोब्बर कळतो. स्टॅक पार्किंग (मशीनने एकावर एक गाड्या लावतात ते) असेल तर उंची पण मोजा, जिमनी १७२०, थार १८४० च्या वर, आणि सेडानच्या हिशोबाने बनवलेल्या स्टॅकमध्ये दोन्ही अडकतील. वजनाची लिमिट मशीनवरच्या प्लेटवर लिहिलेली असते, आणि एसयूव्ही वर घेतात की नाही ते वॉचमनला विचारा, सेक्रेटरीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. अजून एक, दोघींचा मागचा दरवाजा स्टेपनीसकट बाजूला उघडतो, त्यामुळे मागे भिंत असेल तर डिकी उघडणारच नाही, डीमार्टच्या पिशव्या मागच्या सीटवर.

मागची सीट हा खरा निकाल. थारमध्ये पुढची सीट वाकवून मागे चढायचं, कॉलेजच्या पोरांना मजा वाटते, गुडघे दुखणाऱ्या आईला नाही. जिमनीला मागे स्वतंत्र दारं आहेत. सीटा दोघींत चारच, पाचवा माणूस रिक्षाने.

इंजिनात मात्र थार पुढे. दोन लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस (म्हणजे ताकद, हॉर्सपॉवरसारखीच), सहा गिअर. जिमनीचं दीड लिटर पेट्रोल साधारण १०५ पीएसचं आणि ऑटोमॅटिकला चारच गिअर, ट्रॅफिकमध्ये मस्त सरकते पण चार जण आणि एसी लावून घाट चढताना इंजिन ओरडतं. जिमनी ऑटोमॅटिकचं कागदावरचं मायलेज लिटरला १६.३९ किलोमीटर, गर्दीत तेवढं विसरा, टर्बो थार त्याहून जास्त पिणार. डिझेल थार घ्यायची आणि रोज चार-पाच किलोमीटरच फिरवायची असेल तर नकोच, बीएस६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग पळवावी लागते.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, जिमनीत सगळ्या व्हेरिएंटला येतं, थारमध्ये नसलेलं पण मिळतं. कोरड्या डांबरावर ते लावायचंच नाही, वळताना ट्रान्समिशनवर ताण येतो.

माझं मत, घरात म्हातारी माणसं आणि नौपाड्यासारख्या गल्ल्या असतील तर डोळे झाकून जिमनी ऑटोमॅटिक. एकटे-दुकटे असाल, दर वीकेंडला माळशेज नाहीतर नाशिक असेल तर थार, पण हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छपराची. पाच दारांची थार रॉक्स मनात असेल तर ती ४४२८ लांब आणि १८७० रुंद आहे, तो वेगळाच हिशोब.

टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सातला मागा, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडने, घरच्यांना मागे बसवून. लॅडर फ्रेमवाल्या (खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा, वर बॉडी) गाड्या आहेत, खड्ड्यात दोन्ही हलवणार, किती ते मागे बसलेल्यांना विचारा. आणि सेल्समन ऑफर सांगायला लागला तर त्याला म्हणावं जरा गप्प बस, सस्पेन्शनचा आवाज ऐकू दे.