कॅरावॅनच्या शॉवरमागे पाणी गळतंय? पॅनल फोडायच्या आधी या चुका टाळा

आमचा ट्रेलर कॅरावॅन गुहागरला वाडीत पोफळींच्या कडेला उभा असतो, आणि वर्षातून चार-पाच वेळा दादा त्याला जीपमागे लावून चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने वर नेतो. त्याच्या शॉवरमागचं प्लंबिंग मी स्वतः तीनदा उघडलंय आणि त्यातले दोन वेळा गळती दुसरीकडेच होती, म्हणून हे सविस्तर लिहितेय. किनाऱ्यावर आता बरेच जण असे ट्रेलर आणि कॅम्पर ठेवायला लागलेत आणि घरातल्या बाथरूमचा प्लंबर गाडीत शिरला की त्याचे अर्धे अंदाज चुकतात, त्याचा दोष नाही, गाडीच वेगळी असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओल आहे म्हणून सोडून देणं. आषाढात शॉवरला लागून असलेल्या कपाटाखालचा प्लाय मऊ लागत होता, बाबा म्हणाले, "पावसात काय कोरडं राहतंय गो, गाद्यासुद्धा ओल्या लागतात." मलाही पटलं, कारण आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चपलांना बुरशी येते तिथे प्लायचं काय! पण दिवाळीनंतर गावभर सगळं वाळलं आणि तो एक कोपरा वाळला नाही. तोवर प्लायचे थर सुटलेले, स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर आत गेला. पावसाची ओल पसरट असते, भिंतभर, आणि ऊन पडलं की कमी होते. पाईपची ओल एका जागी धरून बसते, पाऊस थांबला तरी तिथेच, आणि हात लावला तर तिथलं लाकूड आजूबाजूपेक्षा गार लागतं. एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी एक अख्खा पावसाळा वाचेल.

नक्की काय गळतंय ते न बघता पान्हा हातात घेणं

शॉवरमागे तीन वेगळ्या गोष्टी गळू शकतात आणि तिघींचं पाणी शेवटी एकाच कोपऱ्यात येऊन साठतं, म्हणून गल्लत होते. प्रेशरची लाईन, म्हणजे मिक्सरपर्यंत (गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळापर्यंत) येणारे पाईप. खालची वेस्ट लाईन, म्हणजे सांडपाण्याचा पाईप, आणि त्यातला वाकडा भाग, ट्रॅप. आणि तिसरं म्हणजे ट्रे आणि भिंतीमधला सिलिकॉनचा जोड.

रात्री सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा आणि गाडीत गप्प बसून ऐका. १२ व्होल्टचा पंप प्रेशर भरलं की स्वतःहून बंद होतो, आणि कुठलाही नळ न उघडता तो मधूनच एखाद सेकंद टर्रर्र करत असेल तर प्रेशर कुठेतरी जातंय. इथेही लगेच भिंतीवर घसरू नका, कधीकधी पंपाचाच आतला व्हॉल्व्ह पाणी टाकीत परत सोडतो. पंपाच्या पुढे कॉक असेल तर तो बंद करून बघा, तरी पंप वाजला तर दोष पंपाकडे, भिंतीला हात लावायची गरजच नाही.

पंप गप्प आहे पण कोपरा ओला आहे? मग शॉवर ट्रेच्या जाळीत चिंधी घट्ट कोंबा, बादलीने हळूच, भिंतींवर न उडवता पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर ट्रे किंवा जाळीभोवतीचा जोड. नाही उतरली तर चिंधी काढून पाणी एकदम सोडा आणि खाली वाकून ट्रॅप बघा. हेही कोरडं निघालं तर भिंतीवर शॉवर मारा, बहुतेक सिलिकॉन सुटलेलं सापडेल. हे एवढं करायला एक संध्याकाळ जाते पण आम्ही ते न करता आधी मिक्सरच बदलला होता, आणि गळत होता ट्रेचा जोड.

अजून एक, टेस्ट बाहेरच्या टाकीच्या पाण्यावर करू नका. होमस्टेवर पोचलो की बाहेरचा पाईप जोडतो, शॉवर कोरडा दिसतो, आणि वाटतं झालं काम. १५ फूट उंचीवरच्या टाकीचं पाणी जेमतेम साडेसहा पीएसआयने (हे दाबाचं माप) येतं आणि गाडीतले पंप साधारण ४० ते ५५ पीएसआयला बंद होतात, म्हणजे सहापट किंवा त्याहून जास्त. टाकीवर कोरडा राहिलेला जोड पंपावर पाणी सोडतो. गाडीची टाकी भरून गाडीच्याच पंपावर तपासा.

लहान भोक पाडणं

आता मुद्द्याचं. गाडीतल्या शॉवरमागे हात जात नाही हाच मूळ त्रास आहे, नट तसा साधाच असतो. आणि भिंत खराब होईल म्हणून आपण काय करतो तर होलसॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, चार-पाच इंचाचं भोक पाडतो, त्यातून एक हात जातो, तो हात गेला की टॉर्चचा उजेड जात नाही, आणि एका हाताने पान्हा फिरवताना मागचा पाईप पिळतो कारण त्याला धरायला दुसरा हातच नाही. मग जुना जोड दुरुस्त होता होता शेजारचा सुटतो. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं.

दोन्ही हात जातील एवढी झडप, म्हणजे झाकण लावलेली खिडकी, करा, निदान १० बाय १२ इंच. आणि ती शॉवरच्या ओल्या बाजूने नको, मागून करा, कपाटाच्या आतून किंवा बेडखालच्या खणातून, तिथे दिसतही नाही आणि पाणीही उडत नाही. कापायच्या आधी एकच छोटं भोक पाडून मोबाईलला जोडायचा वायरवाला कॅमेरा आत सोडा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, म्हणजे वायर कुठून गेलीय, पाईप कुठे आहे, गाडीच्या सांगाड्याची पट्टी कुठे आहे ते दिसेल. सांगाड्याची पट्टी कापायची नाही, झडप थोडी सरकवा. ब्लेड जाडीपुरतंच आत जाईल असं लावा. झाकण चारी बाजूंनी इंचभर मोठं घ्या आणि स्टीलच्या स्क्रूने बसवा, सिलिकॉनने चिकटवू नका, कारण तुम्ही ते पुन्हा उघडणार आहात.

हे सगळं करताना बाहेरून गाडीला जोडलेली लाईट काढलेली, गिझर आणि पंप बंद, आणि नळ उघडून प्रेशर सोडलेलं असलंच पाहिजे. गॅसचा गिझर असेल तर सिलिंडरचा कॉकसुद्धा. आणि काम झाल्यावर गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत गिझर चालू करू नका, रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

झडप उघडली की लगेच काही घट्ट करू नका. मी पेपरच्या पट्ट्या करून प्रत्येक जोडाला एकेक गुंडाळली, पंप चालू ठेवून झोपले. सकाळी पाच पट्ट्या कोरड्या आणि गरम पाण्याच्या एल्बोवरची एक खालच्या कडेला भिजून पाईपला चिकटलेली. ती सोलून काढली तर पितळेवर हिरव्या कळंकाची केसाएवढी रेघ होती, नटाच्या कडेने अर्धा वेढा. डोळ्याला थेंब एकदाही दिसला नव्हता.

जोड करतानाच्या चुका पटापट सांगते. घरात चालतो म्हणून सीपीव्हीसीचा पाईप सोल्युशनने चिकटवून सरळ ताठ बसवला तर घाटात हादरे बसून तो एल्बोशी तडकतो, मिक्सरजवळ थोडा तरी लवचिक पाईप हवा. गाडीत पेक्स (लवचिक प्लास्टिकचा) पाईप असेल तर त्याला सोल्युशन चिकटतच नाही, त्याला त्याचेच फिटिंग लागतात. जिथे रबरी वायसर आहे तिथे टेफलॉन टेप लावायची नाही, पाणी वायसर अडवतं, टेप नाही. प्लास्टिकचा नट हाताने घट्ट करून वर पाव वेढा, बस्स, त्याहून जास्त पिळला तर आज नाही पण महिन्याने चिरतो.

परदेशी बनावटीचा ट्रेलर असेल तर आटे नीट बघा. अमेरिकन एनपीटी आणि आपल्याकडचा बीएसपी या आट्यांच्या दोन जाती, अर्ध्या इंचात दोघांनाही इंचाला १४ आटे, त्यामुळे एकमेकांत दोन-तीन वेढे छान जातात आणि बसल्यासारखे वाटतात, पण आट्याचा कोन एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५, कितीही टेप गुंडाळा, झिरपणारच. मधला अडॅप्टर लावा नाहीतर दोन्ही बाजू एकाच जातीच्या करा. वरून इपॉक्सी पुटी थापणं हा उपाय नाही, पुढच्या वेळी ती फोडताना पाईपही जातो.

होज क्लिप घेताना दुकानात चुंबक घेऊन जा. पट्टी स्टीलची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा अशा क्लिपा सर्रास मिळतात आणि खाऱ्या हवेत तो स्क्रू एका पावसाळ्यात गंजून बसतो. समुद्राजवळ स्टेनलेस स्टीलचा ३१६ ग्रेड मिळाला तर तोच घ्या, ३०४ वरही इथे तांबूस डाग येतात. आणि पाईप भिंतीला क्लॅम्पने धरून ठेवा, लोंबकळता पाईप प्रत्येक खड्ड्यात जोडाला हिसका देतो.

काम झालं की झाकण लगेच लावू नका. आत अडकलेली ओल जुलै-ऑगस्टमध्ये आपोआप वाळत नाही, छोटा पंखा लावून दोन-तीन दिवस वारा द्या, सडलेला प्लाय कापून टाका, वर नुसता रंग मारून उपयोग नाही. मी झडप उघडीच ठेवली, जोडांवर नव्या पेपरच्या पट्ट्या बांधल्या आणि दादाला तसाच ट्रेलर घेऊन कराडला जायला सांगितलं. घाट उतरून परत आल्यावर वाडीत पंप चालू करून रात्रभर ठेवला, सकाळी सहाही पट्ट्या कुरकुरीत निघाल्या, तेव्हा चार स्क्रू लावले.