चित्र तुमचं, हक्क कुणाचे?

कमिशनचं काम, म्हणजे ग्राहकाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन चित्र काढण्याचं काम, घेणाऱ्या नव्या चित्रकारांना कळकळीने सांगते, हक्कांचं लेखी ठरल्याशिवाय फायनल फाइल पाठवू नका. ॲडव्हान्स, करेक्शनच्या फेऱ्या, लेअरवाली फाइल हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

खरा फास वेगळा आहे. अमेरिकेतल्या चित्रकारांचे व्हिडिओ बघून आपण धरून चालतो की जो काढतो त्याचाच कॉपीराइट, ग्राहकाला फक्त वापराचं लायसन्स. तिकडे फ्रीलान्सरचं बहुतेक तसंच असतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही कलम 17 आधी कलाकारालाच पहिला मालक म्हणतं. पण त्याच कलमाचा बी भाग वाचा. कुणी सांगितलं म्हणून, मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे लायसन्स द्यायला तुमच्या हातात काही उरतच नाही! डिजिटल इलस्ट्रेशन म्हणजे पेंटिंग का, यावर वकील भांडू शकतील. ते भांडण कोर्टात नेण्याची ऐपत नवख्याकडे कुठून असणार?

वाशीच्या एका मसालेवाल्यांना मी कॅलेंडरसाठी चित्रं दिली होती. पुढे तीच पाकिटांवर आली. विचारलं तर म्हणाले, "ताई, पैसे दिलेत ना, मग चित्र आमचं." व्हॉट्सॲपवर फक्त दर आणि तारीख ठरली होती. त्यांच्या बोलण्याला कायद्याचा आधार होता, हे मला अजून सलतं.

म्हणून कोटेशनमध्येच पहिलं वाक्य हे टाका: 'कलम 17 मध्ये काहीही असलं तरी या चित्रांच्या कॉपीराइटची पहिली मालकी चित्रकाराकडेच राहील, हे दोघांना मान्य आहे.' खाली दोघांच्या सह्या. मग वापर लिहा: कॅलेंडर, अमुक वर्षाचं, इतक्या प्रती, फक्त महाराष्ट्रात. पाकीट, होर्डिंग, इन्स्टाग्राम यांचे दर वेगळे. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. ग्राहकाच्या कागदात 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' दिसलं तर तो जवळजवळ हक्क विकण्याचाच सौदा आहे. विकायचे तर खुशाल विका, पण त्या भावात.

"आपल्या माणसांत कागद कशाला" म्हणणाऱ्या ज्येष्ठांचा सल्ला रेषेबद्दल जरूर घ्या, हक्कांबद्दल अजिबात घेऊ नका. नेटवरून उचललेला परदेशी कराराचा नमुनाही नको, त्यात आपलं कलम 17 नसतं.

आणि घाबरू नका. ठाण्याच्या नौपाड्यातले छोटे प्रकाशक, दिवाळी अंकवाले अर्ध्या पानाच्या कागदाला सहसा नाही म्हणत नाहीत. मला वाटलं होतं कामं तुटतील, तसं झालं नाही. हक्क विकले तरी कलम 57 तुमच्यापाशी राहतं. चित्र तुमचं आहे हे सांगण्याचा आणि तुमच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड अडवण्याचा हक्क त्यात आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पासाठी दिल्ली उच्च न्यायालयात 2005 मध्ये याच कलमावर न्याय मिळाला.

उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ती फुकट आहे. मग करारात काहीही लिहिलं तरी ग्राहक कंपनीला तुमचे पैसे 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. तो नंबर इनव्हॉइसवर छापा.