चक्रीवादळाचा इशारा आणि कोकणातील मालवाहतूक

अरबी समुद्रात चक्रीवादळे प्रामुख्याने मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात, त्यामुळे राष्ट्रीय महामार्ग 66 (मुंबई-गोवा महामार्ग) वर मालवाहतूक करणाऱ्या चालकाने या महिन्यांत निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाची सूचना पाहणे आवश्यक आहे. या सूचना साधारणपणे 72, 48, 24 आणि 12 तास आधी अशा टप्प्यांनी येतात. गाडी कोठे थांबवायची, हा निर्णय 48 तासांच्या टप्प्यावरच झाला पाहिजे. रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाचा माल अजून घाटावर असेल तर तो तेथेच थांबवावा, आणि गाडी आधीच किनारपट्टीत असेल तर 24 तासांचा इशारा येण्याच्या सुमारास तिने घाट चढून देशावर पोहोचावे. त्यानंतर आंबा, ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाटाच्या भरवशावर निघणे हा जुगार आहे, कारण कोसळलेल्या झाडांमुळे आणि दरडींमुळे घाटात पुढचा व मागचा असे दोन्ही मार्ग बंद होऊ शकतात. 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या निसर्ग वादळात वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होता आणि रायगडात असंख्य झाडे व विजेचे खांब कोसळले होते.

भरलेल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की गाडीच्या बाजूवर पडणारा दाब चौपट होतो, आणि हा दाब पेलण्यासाठी लागणारे वजन रिकाम्या कंटेनरमध्ये नसते. म्हणून परतीचा रिकामा कंटेनर सर्वांत आधी उभा करावा. उघड्या ट्रकची ताडपत्री सैल राहिल्यास ती वाऱ्याने फुगते व फाटते, तेव्हा दोर आडवे-तिडवे आवळून मोकळी टोके आत खोचावीत.

थांबण्याची जागा उंचावर, पक्क्या इमारतीच्या आडोशाला आणि झाडे, विजेच्या तारा व जाहिरात फलक यांपासून दूर असावी. पेट्रोल पंपाचे छत अनेकांना आपोआप आसरा वाटते. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पंपावर फलक कोसळून झालेली जीवितहानी आठवली की तो मोह टळावा. गाडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे, मात्र वादळ पुढे सरकते तशी वाऱ्याची दिशाही बदलते, म्हणून आडोसा अधिक महत्त्वाचा. वादळाचा केंद्रभाग डोक्यावरून जाताना वारा अचानक पडतो. त्या शांततेला फसून निघाल्यास थोड्याच वेळात उलट दिशेचा तडाखा बसतो.

डिझेलची टाकी आधीच भरून घ्यावी, आणि पाणी, कोरडे खाणे, औषधे, बॅटरी व पॉवर बँक केबिनमध्ये ठेवावेत. मालकाने उशिराबद्दल तगादा लावू नये. सामान्य मालाच्या ई-वे बिलाला (जीएसटीखाली मालासोबत लागणारा ऑनलाइन परवाना) दर 200 किलोमीटरसाठी एक दिवस मिळतो, आणि मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत नैसर्गिक आपत्तीचे कारण नोंदवून ती वाढवता येते. महामार्गावर अडकल्यास 1033, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी 1077 आणि इतर आपत्कालीन मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत.

वादळ ओसरल्यावरही पुलांवरून पाणी वाहत असेल तर थांबावेच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळील सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. रात्रीच्या पुरात समोरचा पूल शाबूत आहे की नाही, हे चालकाला दिसत नाही. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर इंजिन मुळीच चालू करू नये. आत शिरलेले पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड (इंजिनातला पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि अशा नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. माल उतरवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. केवळ थर्ड पार्टी विमा असल्यास गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही.