मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम टाकून सर्किट चालवणारी चिप) निवडायचाय आणि सर्किट बाहेरून करून घ्यायचंय?

आधी चिप बघू नका, कागद घ्या अन् लिहून काढा की किती पिना लागणार, एडीसी (सेन्सरचं कमीजास्त व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) हवाय का, वायफाय हवंय का, बॅटरीवर चालणारे का. नुसते बटण-रिले असतील तर एटीमेगा ३२८पी पुरतो, ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम, पण डिस्प्लेला मोठा बफर (चित्र साठवायची जागा) लागला की ती रॅम लगेच संपते. वायफाय पाहिजे तर सरळ ईएसपी३२ घ्या, फक्त तो ३.३ व्होल्टवाला आहे, ५ व्होल्टचा सेन्सर डायरेक्ट जोडला तर पिन जाऊ शकते (माझी गेलीये!). आणि चिप स्टॉकमध्ये मिळतेय का हे आधीच बघा, बोर्ड बनल्यावर नाही.

आता डिझाइन बाहेर देताना लोक हमखास फसतात ते इथे, काम झालं की हातात फक्त गर्बर फाइल्स (बोर्ड बनवायला फॅक्टरीला देतात त्या, त्यात डिझाइन सहज बदलता येत नाही) येतात आणि पुढे एक रेझिस्टर बदलायचा तरी परत त्याच माणसाकडे जावं लागतं. म्हणून स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) आणि पीसीबीच्या (बोर्डाच्या) ओरिजिनल फाइल्स, पार्ट नंबरसकट बीओएम (सगळ्या पार्ट्सची यादी), फर्मवेअरचा (चिपमधल्या प्रोग्रामचा) सोर्स कोड, हे सगळं पैसे ठरवतानाच लिहून घ्या. पेमेंट टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता प्रोटोटाइप स्वतः चालवून बघितल्यावरच.